सोबतिणीचा पाट

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. त्याचं नाव आता कुणाच्या लक्षात नाही, आणि लक्षात राहावं असं ते गाव वागलंही नाही.

त्या गावात एक चांगली रीत होती. वैद्याकडे बाई आली, की एका म्हाताऱ्या सोबतिणीने खोलीत पाट मांडून बसायचं. नाडी पाहताना, लेप लावताना, तेल चोळताना तिने जागचं हलायचं नाही. बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं.

जुना वैद्य वारला आणि नवा आला. त्याच्या हाताला गुण होता, बोलणं गोड होतं. सोबतिणीचे कित्येक वर्षांचे दुखरे गुडघे त्याने महिन्याभरात बरे केले. म्हातारी त्याला देवमाणूस म्हणू लागली.

एके दिवशी वैद्य तिला म्हणाला, "आजी, माझ्या विद्येला एकांत लागतो. तिसरं माणूस असलं की गुण येत नाही. तुम्ही बाहेर ओट्यावर बसा."

आजवर कुठल्याच वैद्याने असं म्हटलं नव्हतं. म्हातारीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण बऱ्या झालेल्या गुडघ्यांची तिला भीड पडली. तिने पाट उचलला. दार लागलं. गावातही कुणी हूं की चूं केलं नाही.

त्या दुपारी विणकराची सून पाठदुखीसाठी आली होती. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हातारीजवळ येऊन ती हळूच म्हणाली, "आजी, उपचाराच्या नावाखाली त्यांनी नको तिथे हात लावला. मी नको नको म्हणत होते."

म्हातारीला ते खरं वाटलं, आणि नेमकी म्हणूनच ती घाबरली. "अगं, औषधाची गुंगी असेल," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या माणसावर आळ घेऊ नकोस. तुझीच अब्रू जाईल."

सून खाली मान घालून निघून गेली. तिने ते पुन्हा कुणालाही सांगितलं नाही.

पुढे गावात तापाची साथ आली. सुनेलाही ताप भरला. नवऱ्याने वैद्याला घरी बोलावलं, तर तिने आतून कडी घातली. साधा, काढ्याने उतरणारा ताप. पण आठव्या दिवशी ती गेली.

तेव्हा कुठे म्हातारीला कंठ फुटला. चावडीवर उभी राहून तिने सगळं सांगितलं, स्वतःचा दोषही लपवला नाही. मग एकेक करत आणखी सात बायका उठल्या. गावाने वैद्याला राजाच्या शिपायांच्या हवाली केलं. दुसरा वैद्य आला, तो भला होता. म्हातारी पुन्हा खोलीत बसू लागली.

पण बायका येईनात. दुखणी अंगावर काढू लागल्या. म्हातारी घरोघर जाऊन विनवू लागली, "या गं, आता मी आत असते."

एकीने दारातूनच विचारलं, "आजी, तिने सांगितलं तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?"

म्हातारी आल्या पावली परत फिरली. त्या वर्षी गावातल्या आणखी दोघी उपचारावाचून गेल्या. म्हातारी दोन्ही घरी भेटायला गेली; तिला कुणी आत घेतलं नाही.

तात्पर्य: उपचार करणारा कितीही गुणी असो, आजाऱ्याची सोबत हलू देऊ नये, आणि आजाऱ्याचं गाऱ्हाणं पहिल्याच वेळी खरं मानावं.