दुर्पदा हत्तिणीच्या सुरकुत्या

वेळ भर दुपारची, ठिकाण नदीकाठचा चिखल आणि काळ आरसा जन्माला यायच्या आधीचा. संध्याकाळी नातीचं बारसं होतं, म्हणून म्हातारी हत्तीण दुर्पदा नटायला निघाली होती. कोणी विचारलं नसताना करवंदीच्या जाळीतून साप म्हणाला, "आजी, एवढ्या सुरकुत्या घेऊन चारचौघांत जाणार? मला बघा, कालच कात टाकली. चिखलात लोळणं सोडा, अंगाला हा बाभळीचा डिंक चोपडा."

दुर्पदाने चोपडला. सुरकुत्या बुजल्या, अंग गुळगुळीत झालं आणि उन्हात तापलेल्या कातळासारखं भाजू लागलं. सोंडेने उडवलेलं पाणी अंगावर थांबेना. तिला भोवळ आली.

"अगं बाई, हे केळीचं खोड कुठून आलं?" धाकटी बहीण बयो ओरडली आणि तिने दुर्पदाला सरळ नदीत ढकललं. "सुरकुत्याच बुजवल्यास, तर पाणी धरशील कुठे? आपला गारवा तिथेच राहतो, वेडे!"

डिंक सुटला, प्रत्येक सुरकुतीत पाणी भरलं. दुर्पदा मनसोक्त लोळली, कानामागे पांगाऱ्याचं लाल फूल खोवून बारशात सगळ्यांच्या आधी नाचली. उकाड्याने किरकिरणारी नात तिच्या ओल्या अंगाला चिकटून शांत झोपली.

सापाची कात अजून करवंदीवर लटकते आहे. तिच्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सुरकुत्या आहेत. त्या कोणाच्या, हे सापाने अजून सांगितलेलं नाही.