जासुदाची सून पळायला शिकली

एका गावात एक जासूद राहायचा, रायाजी त्याचं नाव. जासूद म्हणजे राजाचे खलिते घेऊन पळणारा माणूस. मुलगा तापानं गेलेला. घरात रायाजी, विधवा सून गोजरा आणि तिची दोन लेकरं. नदीच्या घाटावर खलिता घ्यायचा आणि चार कोस पळत गडाच्या दरवाज्यात पोचवायचा, हे रायाजीचं काम. त्याबद्दल राजानं ओढ्याकाठी एक शेत दिलं होतं. घर त्यावरच चालायचं.

एक दिवस रायाजी कड्याच्या वाटेवर घसरला आणि त्याची मांडी मोडली. तीस वर्षं पळाला होता तो. एक खलिता भिजला नाही, एक हरवला नाही. आणि किल्लेदाराचा निरोप काय आला? "तीन महिन्यांत घरातलं कुणी उभं करा. नाहीतर काम दौलतीला आणि शेतही दौलतीला." म्हाताऱ्याची मांडी कशी आहे, एवढं विचारायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही. गरज संपली की माणूस असा विसरतात मेले!

दौलती हा रायाजीचा पुतण्या. दुसऱ्याच दिवशी तो आला आणि पावलं टाकत शेताची लांबी मोजून गेला. जणू चुलता मेलाच!

गोजरानं ते पाहिलं आणि तिच्या अंगाची आग झाली. तिनं पदर खोचला, रायाजीची घुंगरांची काठी उचलली आणि गडाच्या वाटेनं सुटली. कशी सुटली? अंगावर कुत्री सोडल्यासारखी. देवळापर्यंत गेली आणि कुशीत अशी कळ आली, की धुळीत बसली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिला उंबरा ओलांडता येईना. पारावरची माणसं खो खो हसली. त्यांतला एकजण तरी आयुष्यात कधी चार कोस पळाला होता का? पण हसायला दम लागत नाही ना!

रायाजी खाटेवरून ओरडला, "असं पळतात होय? माकड बरं तुझ्यापरीस!"

"मग कसं पळू? सरपटू का, मामंजी?"

"जात्यावर बसतीस, तवा पहिल्याच फेऱ्याला जीव तोडून वढतीस का?"

"न्हाई."

"ओवी म्हणत दळतीस न्हवं? तसंच ओवी म्हणत पळ. ओवी तुटली की चाल. पुन्हा जुळली की पळ."

"चालू? समद्या गावासमोर? जासूद का कुठं चालतो?"

"शिकताना मीबी चाललोय. गावाला नगं बघू, दम बघ!"

गोजराला ते मुळीच पटलं नाही. भांडी आपटत ती दोन दिवस घुसमटली. पण शेत जाणार होतं आणि लेकरं उपाशी राहणार होती. तिसऱ्या दिवशी ती निघाली. दहा पावलं पळावं, वीस चालावं. ओवी पुटपुटत देवळापर्यंत गेली आणि परत आली. दर आठवड्याला थोडंच पुढं जायचं, जास्त नाही, असं रायाजीनं बजावलं होतं. सोमवारी तर पळायचंच नाही. एका सोमवारी ती चोरून निघाली, तेव्हा म्हाताऱ्यानं खाटेवरून तांब्या फेकून मारला. "हाडं काय लोखंडाची हाईत? ती बसून पक्की हुत्यात!" पुढचे सगळे सोमवार ती दात-ओठ खात घरात बसली.

महिन्यानं ओढा आला. दुसऱ्या महिन्यात गडाचा पायथा. तीन महिने भरत आले, तेव्हा चढावरसुद्धा ओवी टिकू लागली.

परीक्षेचा दिवस आला. सूर्य उगवला की घाटावरून निघायचं आणि गडावर नौबत झडायच्या आत खलिता दरवाज्यात द्यायचा. गोजरा निघाली. तिला ओवीच्या चालीनं जाताना बघून दौलती बाजूनं पळू लागला आणि त्यानं तोंड सोडलं.

"पांढऱ्या पायाची! ह्याच पायांनी माझा भाऊ खाल्लास! आता त्याच पायांनी खलिता नेतीस व्हय?"

गोजराच्या डोळ्यांपुढं लाल झालं. पायांनी आपसूक वेग घेतला. काठी जोरानं वाजली. आणि ओवी तुटली. पुढं गडाचा चढ होता. तिला कळलं, की असंच पळाले तर वरपर्यंत पोचत नाही. मग तिनं काय केलं? ती चालू लागली. सगळं गाव वाटेवर उभं असताना चालू लागली.

"दमली! बसली आता!" लोक ओरडले. दौलती तर टाळ्या पिटत नाचलाच. तिनं ओठ घट्ट मिटले आणि मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. पंचवीस पावलं गेल्यावर छाती शांत झाली. ओवी ओठावर आली. ती पुन्हा पळू लागली. दौलती शिव्या देत मागं लागला. पण चढावर पळायचं आणि शिव्याही द्यायच्या, हे जमतंय कुणाला? अर्ध्या चढावर तो पोट धरून दगडावर बसला.

नौबत झडायला अजून थोडा अवकाश होता. गोजरानं खलिता किल्लेदाराच्या हातात ठेवला.

किल्लेदार म्हणाला, "वाटेत चाललीस, तटावरून पाहिलं मी. जासूद कुठं चालतो का?"

ती धापा टाकत त्याच्यावरच उखडली, "पोचला का, ते इचारा की!"

किल्लेदारानं खलिता ठेवून घेतला. काम गोजराच्या नावानं लागलं आणि शेत घरात राहिलं. त्या साली जोंधळ्याला अशी भरगच्च कणसं लागली, की ताटं वाकली. रायाजी काठी टेकत चालू लागला आणि शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं हाकू लागला. दारात म्हैस आली. लेकरं पोटभर जेवू लागली आणि त्या घरात पुन्हा कधी उपासाचा दिवस आला नाही.

तात्पर्य: रागाच्या भरात सुटणारा अर्ध्या वाटेत बसतो, आपला दम ओळखून, लोक हसले तरी चालायची लाज न धरता, रोज थोडं पुढं जाणारा मुक्कामाला पोचतो.