वस्ताद आडवा पडला तेव्हा

एका गावात एक वस्ताद होता, आणि त्या गावात त्याच्याहून हट्टी माणूस एकच होतं: त्याची बायको.

तालमीत पोरांना तो पहिल्या दिवशीच बजावायचा, "पाठ मातीला लागली की कुस्ती गेली." स्वतःची पाठ कधी लागली नाही, हे तर तो इतक्यांदा सांगे की पोरं त्याच्या आधीच ते वाक्य पुरं करत.

एके सकाळी आखाड्याची माती उकरताना त्याच्या हातातलं खोरं गळून पडलं. तोंड वाकडं झालं, उजवं अंग लुळं पडलं. वस्तादाच्या अंगावरून वारं गेलं होतं.

बायकोनं तडक वैद्यबाईंना बोलावलं. त्यांनी औषध दिलं आणि बजावलं, "आज यांना पडू द्या. उद्या मी येऊन बघते, मग कसं बसवायचं ते सांगते."

पण वस्ताद आणि उताणा? पठ्ठ्यांना ते बघवेना. खुद्द वस्तादालाही आडवं राहणं म्हणजे हार वाटली. बायको औषध उगाळायला आत गेली तेवढ्यात तो अडखळत म्हणाला, "उचला रे मला." पठ्ठ्यांनी त्याला खांद्यावर तोलून उभं केलं आणि घराशेजारच्या आखाड्याभोवती चालवायला घेतलं. पहिला कोपरा गाठायच्या आत त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो कोसळला. उजव्या पायात थोडीफार ताकद उरली होती, तीही गेली.

मग पठ्ठे असे घाबरले की दुसऱ्या दिवशी वैद्यबाई आल्या तेव्हा दारातच आडवे उभे राहिले.

"आता कुणी हात लावायचा न्हाई काकी," ते वस्तादाच्या बायकोला म्हणाले. "वस्तादांनी जन्मभर कष्ट काढलेत. आता निस्ता आराम."

बाहेर जमलेल्या गावानंही माना डोलावल्या.

"व्हा बाजूला!" ती कडाडली. "काल घोड्यागत पळवलंत, आज जित्तेपणी पुरायला निघालात! काल बी तुमचंच खरं, आज बी तुमचंच खरं?"

पठ्ठे बाजूला झाले. वैद्यबाईंनी नाडी पाहिली, वस्तादाशी बोलून पाहिलं. "कालच्या प्रकारानं मागे गेलेत. आज फक्त कूस बदलू, हातपाय आपण हलवू. नाडी ठिकाणावर आली की बसवू, मग उभं करू. थोडं थोडं, पण दिवसातून पुष्कळदा. चक्कर आली, की तिथेच थांबायचं."

वस्तादाच्या डोळ्यांत पाणी आलं. "लोक मला पडलेला बघत्यात."

"बघू देत की! हा पलंग हाय, आखाडा न्हवं," बायको म्हणाली. "वैद्यबाई पड म्हणतील तवा पडायचं. पण त्या ऊठ म्हणतील तवा न उठलात, तर गाठ माझ्याशी हाय."

भीती तिलाही होती. हा माणूस पुन्हा पायावर उभा राहील की नाही, हे तिला कळत नव्हतं. तरी वैद्यबाईंनी सांगितल्यावर तिनं त्याला पलंगाच्या कडेला बसवलं, पुढे दोघांच्या आधारानं उभं केलं. शेजारणी म्हणाल्या, "आजारी माणसाला छळते बाई!"

"छळते! उद्या पुन्हा छळणार हाय. बघायला या!"

काही महिन्यांनी जत्रेतल्या कुस्त्यांचा दिवस उजाडला. वस्तादाला उचलून न्यायला पठ्ठ्यांनी फुलांनी मढवलेली खुर्ची आणली. त्यानं डाव्या हातानं ती मागे सारली, काठी घेतली आणि बायकोचा खांदा धरून निघाला. उजवा हात अजून लुळाच होता. पाय फरफटत होता, पण पडत होता पुढेच. त्याच्यासाठी सगळ्या कुस्त्या खोळंबल्या होत्या.

अर्ध्या वाटेत तो थांबला. पठ्ठे धावले. कुणी म्हणालं, "रेटा वस्ताद, आलंच!" कुणी म्हणालं, "बास, खुर्चीत घाला!"

वस्ताद सावकाश वाटेवरच्या दगडावर बसला.

"दमलोय," तो सगळ्या गावासमोर, न लाजता म्हणाला. "जरा बसतो. मग माझा मी उठंन."

आणि उठला.

तात्पर्य: आजाऱ्याला घाईनं पळवू नये आणि भीतीनं निजवूनही ठेवू नये, जाणत्याच्या सल्ल्यानं थोडं थोडं उठावं, आणि मग कुणीही अडवलं तरी उठायचं सोडू नये.