बिरोबाच्या माळावरचा ढोल

"मग आज ढोल माझ्या गळ्यात घालताय न्हवं, तात्या?"

मायाप्पानं तिसऱ्यांदा विचारलं. त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. बिरोबाची जत्रा ऐन भरात आली होती. माळभर भंडारा उधळला जात होता, आणि नाचणारे गजी रंगीत रुमाल घेऊन रिंगणात उतरले होते.

म्हाळूतात्या त्याचे चुलत आजोबा. गुरूही तेच. या माळावरचा पहिला ढोल पणजोबाच्याही आधीपासून त्यांच्याच घराण्याचा. यंदा तात्या तो मान पुढच्या पिढीला देणार, हे गावाला ठाऊक होतं. आणि मायाप्पासारखा हात घराण्यात कुणाचाच नाही, हे मायाप्पाला ठाऊक होतं.

तात्यांनी ढोल जमिनीवर ठेवला.

"आधी वाजव तरी."

मायाप्पानं ढोल गळ्यात अडकवला आणि टिपरू उचललं. आधी धिमं, मग दुप्पट, मग असं की टिपरू दिसेनासं झालं. शहरातल्या कार्यक्रमांत टाळ्या घेतलेले सगळे तोडे त्यानं इथं ओतले. बघता बघता गजींचे रुमाल खाली आले. रिंगण जागच्या जागी उभं राहिलं. लोक माना उंचावून त्याच्याकडे बघू लागले. शिट्ट्या झाल्या. पोरांनी मोबाईल वर धरले.

तो घामानं निथळत परतला.

"बघितलंत तात्या? सगळा माळ थांबला."

"व्हय... थांबला."

 तात्यांनी ढोल स्वतःच्या गळ्यात घेतला आणि वाजवू लागले.

मायाप्पा चमकला. हा तर घरात लेकरांना सगळ्यात आधी शिकवतात तो ठेका. जत्रेत, एवढ्या लोकांपुढं, हा?

काहीतरी मेख असणार. तो तात्यांच्या हातावर नजर रोखून उभा राहिला.

रिंगण हललं. एक रुमाल वर गेला, मग दहा. कडेला बसलेल्या म्हाताऱ्या पदर खोचून उठल्या. मायाप्पाची आई कधी नाचायची नाही, तीही आत शिरली. तात्यांकडं कुणी बघत नव्हतं. कुणीतरी मायाप्पाचा दंड धरून त्याला आत ओढलं. तो "थांबा, थांबा" म्हणाला, आणि मग म्हणायचंच विसरला.

ढोल थांबला तेव्हा ऊन कललं होतं. मायाप्पाच्या केसांत, भुवयांत, दातांवर भंडारा होता. छाती भात्यासारखी हलत होती, आणि उगीचच हसू फुटत होतं.

तो धावत तात्यांपाशी आला.

"तात्या, मधे ठेका बदलला व्हय तुम्ही?"

"तुला काय वाटलं?"

"मला..." तो अडखळला. "मी तुमच्या हाताकडंच बघणार हुतो. पण मधेच... ढोल कोण वाजवतंय, ह्येच ध्यानात राह्यलं न्हाई."



तात्यांनी गळ्यातला ढोलाचा पट्टा काढला आणि मायाप्पाच्या गळ्यात घातला.

"आता वाजव."