अध्यक्षांच्या गाडीची आंघोळ

कॉलनीच्या नळाला असलं जड पाणी, की इंदूताईंच्या गिझरची कॉइल वर्षात दुसऱ्यांदा जळाली. घरात म्हातारी सासू, थंडी तोंडावर. क्षार काढणारं यंत्र बसवा, असं त्यांनी सभेत सांगितलं. अध्यक्ष शेजवळ म्हणजे मिशीला पीळ आणि डोक्यात हवा. म्हणाले, "पाणी अमृत आहे, बाई! तुम्हालाच गिझर वापरता येत नाही. पाण्यात खोट दाखवा, लगेच यंत्र बसवतो!"

दसऱ्याला शेजवळांनी नवी काळी गाडी आणली आणि पूजेला सगळी कॉलनी बोलावली. इंदूताई नळाची भरलेली बादली घेऊन पुढे झाल्या.

"पूजेआधी गाडीला आंघोळ घालते, अध्यक्षसाहेब."

"अहो, थांबा!" शेजवळ बोनेटवर आडवेच पडले. "या पाण्याचे पांढरे डाग पडतात, घासून निघत नाहीत!"

"तुमच्या गाडीला हे बाहेरून सोसत नाही," इंदूताई म्हणाल्या, "आणि माझा गिझर रोज पोटात घेतो. आता बोला, खोट कुणात?"

सगळी कॉलनी खो खो हसली. शेजवळांनी नारळ खाली ठेवला आणि आधी यंत्रवाल्याला फोन लावला.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला सासूबाईंनी कढत पाण्याचा अजून एक तांब्या मागून घेतला.