हसणाऱ्या चंद्रकोरी आणि राजाचा हात

मंडळी, अंगाला दुखणं लागलं तर विश्वास कुणावर टाकाल? वैद्यावर, देवावर, की "काही नाही हो, होईल बरं" म्हणणाऱ्या घरच्यांवर? उत्तराची घाई नको. आधी ऐका.

रत्नपूरच्या राज्यात जयकेतू नावाचा राजा होता. शूर असा, की काळजंघ मायावीला त्याच्याच गुहेत हरवून त्याच्या खजिन्यातली पाचूची अंगठी त्यानं आपल्या बोटात घातली. त्या राज्याचा एक कायदा होता. राजा आजारी पडत नसे. म्हणजे पडे, पण तसं म्हणायचं नाही. ताप आला तर "महाराज आज विशेष तेजस्वी दिसताहेत." पोट बिघडलं तर "महाराज वारंवार एकांतात चिंतनाला बसताहेत." राजाच्या बाबतीत 'आजार' हा शब्द ज्याच्या तोंडून निघे, त्याची जीभ छाटली जाई. प्रजेला या रिवाजाचा फार अभिमान.

अंगठी घातली आणि राजाचं बोट दगडाचं झालं. मग मनगट. राजानं वरून शेला पांघरला. राजवैद्य अत्रिदेवांना निरोप गेला, "महाराजांचा उजवा हात विश्रांती घेतो आहे." वैद्यबुवांनी विश्रांतीला साजेसं द्राक्षासव धाडलं. दगड कोपरापर्यंत चढला.

एके दिवशी शेला सरकला आणि राजकन्या हेमलेखेनं तो हात पाहिला. दगड काळजाला टेकला की वडील संपले, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. पण विचारायचं कुणाला, आणि कोणत्या शब्दांत?

पूर्वेच्या घाटापलीकडे चिनी रेशीमवाल्यांनी बांधलेलं एक देऊळ होतं. प्रकृतीची काळजी लागली की आमच्या व्यापारधंद्यातली माणसं तिथल्या काड्यांना विचारत. हेमलेखेनं घोडा काढला. सोबत रक्षणाला सरदार भैरोजी. आपल्या बोलक्या साळुंकीला ती म्हणाली, "तू इथंच राहा. दगड पुढे सरकला की उडत ये."

देवळात लिनमाई नावाची म्हातारी पुजारीण बांबूचा नळा घेऊन बसलेली. नळ्यात काड्या, प्रत्येक काडीवर आकडा, प्रत्येक आकड्याचा एक श्लोक.

"नाव सांगा, गाव सांगा, एकच प्रश्न विचारा," लिनमाई म्हणाली. "नळा हलवा. एक काडी बाहेर पडेल. मग या लाकडी चंद्रकोरी टाका. एक पालथी, एक उताणी पडली तर त्या काडीला देवाचा होकार. दोन्ही पालथ्या, तर नकार."

"आणि दोन्ही उताण्या?"

"तर देव हसला, प्रश्न पुन्हा नीट विचारा. होकार ओळीनं तीनदा लागतो. एकदाचा होकार चुकूनही पडतो, बाई."

हेमलेखेनं डोईवरचा पदर पुढे ओढला. "मी कमळजा, रत्नपूरची व्यापारीण. आमच्या राज्याची प्रकृती कशी आहे?" काडी पडली. चंद्रकोरी टाकल्या. दोन्ही उताण्या.

मागे रांगेत एक उंटवाला उभा होता. तो म्हणाला, "राज्याला खोकला झालाय का, बाई? आल्याचा रस पाजा त्याला." सगळी रांग हसली.

राजकन्येनं पदर मागे घेतला. खरं नाव सांगितलं, राजाची लेक असल्याचं सांगितलं. उंटवाला मुजऱ्याला वाकला. पण जन्माची सवय जिभेवरून कशी जावी? ती म्हणाली, "माझ्या वडिलांचा हात विश्रांती घेतो आहे. तो जागा कधी होईल?"

या खेपेला चंद्रकोरी उताण्या पडल्या त्या पडल्या, वर कितीतरी वेळ डुलत राहिल्या.

"देव चिनी आहे," लिनमाई म्हणाली, "मराठी शिकला इथं येऊन. पण तुमची दरबारी भाषा त्याला अजून येत नाही."

इतक्यात साळुंकी नळ्याच्या काठावर येऊन बसली. "दगड खांद्यावर, ताईसाहेब. महाराजांना कूस बदलता येत नाही."

हेमलेखेनं नळा पुन्हा उचलला. तिचा बेत भैरोजीच्या ध्यानात आला आणि तो खालच्या आवाजात म्हणाला, "ताईसाहेब, तो शब्द उच्चारलात तर माझी तलवार कायद्याला बांधलेली आहे."

"मग उपसून ठेवा, सरदार. मला फार वेळ लागणार नाही."

आणि रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली, "मी हेमलेखा, जयकेतूची लेक, रत्नपूरची. माझे वडील आजारी आहेत. त्यांचा हात दगडाचा होतो आहे. मी काय करू?"

काडी पडली. एक कोर पालथी, एक उताणी. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. भैरोजीनं तलवार म्यान केली. "घाटात वारं फार," तो म्हणाला, "काही ऐकूच येत नाही." लिनमाईनं श्लोक वाचला,

झाकल्या व्याधीला चढे धार,
उघड्या व्याधीला पडे उतार.
वैद्यापुढे उघडावा हात,
नाव घ्यावे चारचौघांत.

राजकन्या घोड्यावरून उतरली ती थेट भरल्या दरबारात. "महाराज आजारी आहेत," ती म्हणाली.

दरबारी पायाच्या बोटांकडे बघू लागले.

"या शब्दाची शिक्षा तुला ठाऊक आहे," राजा म्हणाला.

"ठाऊक आहे. हुकूम द्यावा. पण बाबा, हुकूम देताना उजवा हात वर करायचा असतो. करा."

काळजंघाच्या गुहेत राजा डगमगला नव्हता, इथं मात्र डगमगला. मग त्यानं डाव्या हातानं शेला खाली टाकला. "मी आजारी आहे," तो म्हणाला. "खांदा ठणकतो. मला भीती वाटते."

खांद्यावरच्या दगडाला तडा गेला.

अत्रिदेव धावत आले. "कधीपासून? सुरुवात कुठून? आधी बोट की मनगट?" राजानं सगळं सांगितलं. एकेका उत्तरासरशी दगडाची खपली गळू लागली. वैद्यबुवांनी बोटाला एरंडेल चोळलं, रेशमाचा धागा घट्ट गुंडाळला आणि उलगडत उलगडत अंगठी बाहेर काढली. "महाराज," ते म्हणाले, "पहिल्याच दिवशी बोट दाखवलं असतंत, तर माझं द्राक्षासव तरी वाचलं असतं."

राजानं मोकळा हात लेकीच्या डोक्यावर ठेवला. त्याला स्वतःच्या विजयाचाही कधी एवढा अभिमान वाटला नव्हता. कायदा त्याच आसनावरून मोडीत काढला गेला. तेव्हापासून रत्नपुरात रोज सकाळी नगारा वाजतो आणि भालदार पुकारतो, "महाराजांना आज सर्दी आहे, दुपारी काढा घेणार." परमुलखातले व्यापारी चकित होतात. रत्नपूरकर छाती काढून सांगतात, "आमचा राजा आहे. लपवत नाही."

तेव्हा मंडळी, विनंती एवढीच. वैद्यापुढे बसलात की अंगाचा हिशेब चोख मांडा. महिन्याची कळ कालची म्हणून सांगू नका.