बांधपट्टीचा साकव

गोमाजीशेटची चार मजली हवेली उभी राहिली आणि धुरपा कुंभारणीच्या आव्यात मडकी फुटायला लागली.

त्याचं कारण सरळ होतं. हवेली कुंभारआळीच्या मावळतीला, मधे फक्त एक भिंत. दुपार कलली की आळीतलं ऊन जायचं. कच्ची मडकी आतून ओली राहायची आणि भाजायला आव्यात घातली की फुटायची. ओढ्यापलीकडे मोकळा माळ होता, तिथे दिवसभर ऊन. पण ओढ्याला कंबरभर पाणी. कच्च्या मडक्यांची पाटी डोक्यावर घेऊन धुरपा दोनदा उतरली आणि दोन्ही वेळा चिखल घेऊन परत आली. ओढ्यावर एक साकव हवा होता, एवढंच.

आता देवरुंडी गावात नियम असा, की जो कोणी मोठं बांधकाम काढील त्यानं दरबारात बांधपट्टी भरायची, आणि त्या पैशांतून गावाच्या सोयीचं काही बांधायचं. काय आणि कुठे, ते पंचांनी ठरवायचं. गोमाजीशेटनं पट्टी भरली होती. म्हणून धुरपा पंचांकडे गेली.

पंचांचे मुख्य त्रिंबकपंत. त्यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पट्टीचं ठरलंय, बाई. शेटजींच्या दारात कारंजं होणार."

"त्यांच्या दारात दोन कारंजी आहेत, पंत."

"हे तिसरं."

"मग साकव?"

"ज्या आळीत इमारत, त्याच आळीत पट्टी. थोरल्या महाराजांचा नियम आहे. हवेली सावकारआळीत, तुम्ही कुंभारआळीत. माझा इलाज नाही."

धुरपा थेट दरबारात गेली. रायाजी महाराज मनानं वाईट नव्हते, पण आजोबांच्या नियमाचा काना-मात्रा बदलायचा म्हटलं की त्यांचा चेहरा दगडी व्हायचा. शेजारी गोमाजीशेट बसले होते, कारंज्याचा नकाशा मांडीवर घेऊन.

"नियम तो नियम," महाराज म्हणाले. "हवेली सावकारआळीत आहे, तर पट्टीही तिथेच."

"आणि हवेली आमच्या आळीत आली तर, महाराज?"

शेटजी खुदकन हसले. महाराज हसले नाहीत.

"आली तर पट्टी तुमची. आठ दिवस देतो. आण हवेली."

"आणि नाही आणली तर?" शेटजींनी विचारलं.

"तर कुंभारआळीनं पुन्हा कधी पट्टी मागायची नाही."

धुरपा घरी आली तेव्हा सगळी आळी दारात उभी होती. "हे काय कबूल करून आलीस?" सासऱ्यांनी कपाळाला हात लावला.  पुढचे तीन दिवस धुरपानं चाक फिरवलंच नाही. जेवून अंगणात बसायची आणि जमिनीकडे बघत राहायची. डोक्यावर परिणाम झाला, असं शेजारणी हळूच बोलू लागल्या.

चौथ्या दिवशी सकाळी ती दरबारात हजर झाली.

"हवेली आणली, महाराज. बघायला तिसऱ्या प्रहरी यावं."

"आत्ता का नको?"

"आत्ता ती सावकारआळीत आहे. आपलं जेवण होईपर्यंत येते."

त्रिंबकपंतांनी खिडकीतून वाकून पाहिलं. हवेली जागेवरच होती.

वैशाखाचे दिवस. तिसऱ्या प्रहरी महाराज, पंत आणि शेटजी घामानं निथळत कुंभारआळीत पोचले. धुरपानं अंगणात बाज टाकून ठेवली होती. तिनं गूळपाणी दिलं. महाराजांनी पागोटं उतरवून बाजूला ठेवलं आणि पाय लांब केले.

"इथे बरं वाटतं. गार आहे." त्यांनी घोटभर पाणी घेतलं. "हं, कुठे आहे हवेली?"

"सांगते. आधी एक विचारू? आपण बसलात ही सावली कुठल्या झाडाची?"

महाराजांनी वर पाहिलं. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. आळीत झाड नव्हतं.

"झाडाची कशी असेल?" गोमाजीशेट मिशीवर हात फिरवत म्हणाले. "ही माझ्या हवेलीची. एवढी लांब सावली या गावात दुसऱ्या कोणाची पडते?"

"म्हणजे ही आपलीच, शेटजी?"

"माझीच. वीट न् वीट माझी, सावली पण माझी."

धुरपानं महाराजांसमोर हात जोडले. "मालकानं स्वतः ओळख पटवली, महाराज. हवेली रोज जेवणवेळेनंतर आमच्याकडे येते ती दिवस मावळेपर्यंत हलत नाही. आमची मडकी वाळू देत नाही."

शेटजींचा हात मिशीवरच थांबला.

"थांबा, थांबा," त्रिंबकपंत पुढे झाले. "सावली म्हणजे काही इमारत नव्हे. नियमात इमारत म्हटलंय."

"बरं," धुरपा म्हणाली. "मग इमारत तिथे राहू द्या. शेटजींनी फक्त आपली सावली उद्यापासून आपल्या आवारात ठेवावी. मी साकव मागणार नाही."

 महाराजांनी मान वळवून शेटजींकडे पाहिलं.

"ठेवाल?"

"महाराज, ती... सूर्य जिकडे..."

"नाही ठेवता येत?"

"नाही, महाराज."

"मग ती इथे राहते तर. आणि आपण सगळे तिच्यातच बसलोय." महाराजांचे ओठ हलले. मग खांदे हलले. मग ते असे हसले, की बाज करकरली आणि गूळपाण्याचं भांडं कलंडलं. कोपऱ्यात उभे असलेले धुरपाचे सासरे आधी घाबरले आणि मग तेही हसायला लागले.

डोळे पुसून महाराजांनी हुकूम केला, "पंत, पट्टी कुंभारआळीची. ओढ्यावर दगडी साकव, पावसाळ्याच्या आत."

मग त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून धुरपाला दिलं. "आणि पुढच्या खेपेपासून पट्टी कुठे खर्चायची ते ठरवायला पंचांत तूही बस."

"बसेन, महाराज," धुरपा म्हणाली. "पण बैठक तिसऱ्या प्रहरी नको. तेव्हा मी पलीकडे माळावर असेन, मडकी वाळवत."